शीलाची चूल काही दिवस बंद

धम्मशीलाच्या ब्लॉगचं नाव ‘शीलाची चूल’ होतं आणि स्वयंपाक सगळा गॅसवर होता. चूल होती ती मागच्या अंगणात, सासूबाईंनी चार विटा मांडून केलेली, निव्वळ फोटोपुरती. तिच्यावर कधी चहासुद्धा उकळला नव्हता. पण नागपूर-पुण्याच्या वाचकांना मागे धूर दिसला की भरीत जास्त खरं वाटतं, म्हणून गोवरी चुलीत जळायची आणि वांगं गॅसवर भाजायचं. यात धम्मशीलाला काही वावगं वाटत नव्हतं. नाटकात पाऊस पडतो तेव्हा छत कोणी दुरुस्त करतं का?

दिवसभर ती मेहकरच्या एका पतसंस्थेत कारकुनी करायची. घरी आली की पदर खोचून स्वयंपाक, आणि स्वयंपाक झाला की फोटो. फोटो म्हणजे सगळ्या घराची हजेरी. नवरा प्रसेनजित जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवायचा. तो खिडकीसमोर पांढरी चादर ताणून उभा राहायचा, म्हणजे उजेड ताटावर पडतो. नववीतली लेक महामाया ताटामागे पोटावर पालथी पडून उकळत्या पाण्याचा पेला धरायची, म्हणजे वाफ दिसते. आणि सासूबाई, सिंधूताई, ताटात भाकरी ठेवायच्या. ठेवायच्या म्हणजे ठेवायच्या नाहीत, ताटाच्या वर अधांतरी धरून थांबायच्या. प्रत्येक फोटोत हिरव्या बांगड्यांचा तो हात असायचाच. चेहरा कोणी पाहिला नव्हता, पण हाताचे चाहते अमरावतीपर्यंत होते. सिंधूताई त्या हाताला झोपताना मलई लावत आणि भांडी डाव्या हाताने घासत.

हे असंच चाललं असतं, पण पतसंस्थेची वार्षिक सभा आडवी आली. सभासदांना पाठवायची नोटीस धम्मशीलाने टाइप केली. डोक्यात त्या वेळी पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याची कृती घोळत होती. अध्यक्ष उकंडराव कुठलाही कागद न वाचता सही करण्यात पटाईत होते, त्यांनी केली. नोटीस गावोगाव गेली: ‘सर्व सभासदांनी सभेस वेळेवर उपस्थित राहावे व चवीनुसार मीठ घालावे.’

सभेच्या दिवशी एक म्हातारे सभासद पुढे आले आणि त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर मिठाचा पुडा ठेवला. ‘‘नोटिशीत होतं म्हून आणलं,’’ ते गंभीरपणे म्हणाले. त्यांच्यामागे आणखी दोघे पुडा घेऊन उभे होते. एकाने तर खडेमीठ आणलं होतं.

सभा संपल्यावर उकंडरावांनी धम्मशीलाला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, आपली सभा आजवर अळणीच होत आली. कोनाची तक्रार नव्हती. पुढच्या वक्ताले तशीच राहू द्या.’’

मान खाली घालून ती घरी आली. घरी पातोडी झाली, वाटीत वाढली गेली, चादर ताणली गेली. महामाया ताटामागे पालथी पडून इतिहासाचं पुस्तक वाचत होती, दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. फोटो मनासारखा येईना. शेवटी सगळे जेवायला बसले तेव्हा प्रसेनजितने घास तोंडात घातला आणि थांबला.

‘‘शीला, या घरात गरम काय असते, सांगू? थो पेला. पातोडी गार, भाकर गार, अन् पेल्यातलं पाणी कडक. उद्यापासून मले पेलाच वाढत जाय.’’

तो चेष्टेत बोलला होता, पण धम्मशीलाला ते मनाला लागलं. ऑफिसात आपण मीठ घालतो आणि घरात माणसं गार खातात. दोन्हीकडे आपण अर्ध्याच आहोत. तिला रडू आलं, आणि रडत रडत तिने रस्सा पुन्हा गरम करून सगळ्यांना वाढला. त्याच बैठकीत तिने ठरवलं, चूल बंद. घर आपल्या हातून निसटून चाललंय, ते आधी धरायचं.

तिने ब्लॉगवर लिहिलं: ‘वाचकहो, नोकरी आणि घर यांचा तोल गेला आहे. तो सावरेपर्यंत शीलाची चूल काही दिवस बंद.’ खाली प्रतिक्रिया आल्या. एकाने विचारलं, सिलिंडर संपला का. एका बाईंनी लिहिलं, ‘ताई, विश्रांती घ्या, पण आजींचा हात अधूनमधून दाखवत जा.’ ही प्रतिक्रिया सिंधूताईंनी महामायाकडून दोनदा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तव्यावरून भाकरी थेट ताटात पडली. टम्म फुगलेली, हाताला चटका देणारी. धम्मशीला हरखून सगळ्यांकडे बघत बसली. आता बोलणं होईल, हसणं होईल, जेवण रंगेल. सगळ्यांनी मुकाट्याने जेवण उरकलं. प्रसेनजित हात धुऊन ‘‘येतो बे जरा’’ म्हणत मित्राकडे, कचरूकडे, कॅरम खेळायला गेला. बायकोला बे म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नाही, मनाने तो आधीच कचरूकडे पोचला होता. महामायाने खोलीचं दार लावून घेतलं. सिंधूताई टीव्हीपुढे जाऊन बसल्या. धम्मशीला तव्यासमोर एकटी उरली. घराला वेळ द्यायला ती बसली होती आणि घरच जागेवर नव्हतं.

तिने हार मानली नाही. एका संध्याकाळी तिने फर्मान काढलं: आज प्रत्येकाने दिवसभरात काय झालं ते सांगायचं.

‘‘अपूर्णांक झाले,’’ प्रसेनजित म्हणाला.

‘‘काही नाही झालं,’’ महामाया म्हणाली.

‘‘मले काय होते या वयात?’’ सिंधूताई म्हणाल्या. ‘‘टीव्हीत मात्र लय झालं. थे सून घर सोडून गेली.’’ आणि पुढे काय झालं ते बघायला त्या उठून गेल्या.

मग तिने लुडो आणला. प्रसेनजितने फाशावर कोणता आकडा पडण्याची शक्यता किती, यावर तास घेतला. महामाया जांभया देत आत पळाली.

सिंधूताईंचं तर निराळंच सुरू झालं. त्या आता उजव्या हाताने भांडी घासू लागल्या, तीही मुद्दाम धम्मशीलाला दिसतील अशी, खडखड आवाज करत. ‘‘आई, राहू द्या, मी घासते,’’ असं ती म्हणाली की त्या हात वर करून बघत. ‘‘काऊन? आता याले कोन पाहून राह्यलं? रविवारी विहारात बाया इचारत होत्या, सिंधूताई, तुमचा हात दिसत नाही आताशा. म्या म्हनलं, रिटायर झाला.’’

धम्मशीलाला आता खरंच भीती वाटू लागली. ब्लॉग गेला, आणि ज्यांच्यासाठी सोडला ती माणसंही गेली. गार जेवत होती तेव्हा निदान एकत्र जेवत होती. भांडायची, चादर नीट धर म्हणून एकमेकांवर डाफरायची, पण एका खोलीत असायची. हे तिला आधी कळायला हवं होतं, आणि कळलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्या संध्याकाळी तिने झुणका केला. तीन वेळा हाका मारल्या. ‘‘आलो,’’ ‘‘पाच मिनिटं मम्मी,’’ ‘‘जाहिरात लागू दे’’ अशी उत्तरं आली आणि माणूस एकही आलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडून गेलं, ‘‘चला, फोटो काढायचाय.’’

टीव्ही बंद झाला. दार उघडलं. प्रसेनजित चप्पल घालून निघाला होता, तो आत आला ते कपाटातून चादर घेऊनच. महामाया पेला शोधत ओट्याशी वाकली. सिंधूताईंनी हात साबणाने धुतला, पुसला आणि भाकरी उचलली.

फोन सकाळीच मेला होता आणि धम्मशीलाने चार्जर शोधायचा कंटाळा केला होता. आता तिची चांगलीच पंचाईत झाली. पण माणसं जागेवर आली होती. तिने काळा फोन डोळ्यांसमोर धरला आणि घसा खाकरला.

‘‘आई, हात थोडा डावीकडे. अहो, चादर वर.’’

‘‘वरच हाये. तूच वाकडी उभी हायेस.’’

‘‘पप्पा, तुमची सावली माझ्या पेल्यात पडून राह्यली.’’

‘‘पेल्यात सावली पडत नाही, अभ्यास कर.’’

‘‘भांडू नका बे, माहा हात भरून आला,’’ सिंधूताई ओरडल्या. प्रसेनजित हसला, चादरीचं टोक सुटलं आणि सरळ झुणक्यात पडलं. महामाया पालथ्या पालथ्या इतकी हसली की पेला लवंडला. मग सगळ्यांनी मिळून पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा चुकवलं. झुणका गारढोण झाला. तो खाताना प्रसेनजितने वर्गातल्या एका पोराची गोष्ट सांगितली आणि महामायाने चाचणीत किती मार्क पडले ते आपणहून कबूल केलं. सांगण्यासारखे नव्हते, तरी सांगितले. धम्मशीलाने तो गार झुणका दुसऱ्यांदा वाढून घेतला.

जेवणं झाल्यावर सिंधूताई भांड्यांपाशी तिच्या शेजारी येऊन बसल्या. आज डावा हात पुढे होता.

‘‘शीला, तुह्या मोबाईलचा पडदा काळा होता.’’

धम्मशीलाने मान खाली घातली. ‘‘हो, आई.’’

‘‘मले पयलेच दिसलं. तरी म्या हात हलवला नाही. थ्या दोघाईले नको सांगू, उगीच हिरमुसतीन.’’

धम्मशीलाने कबूल केलं. पण सकाळी ऑफिसला जायचं, फोन लागणारच, म्हणून तिने महामायाच्या खोलीत डोकावून विचारलं, ‘‘माहा चार्जर पाहिला का गं कुठी?’’

महामायाने उशीखाली घातलेला हात बाहेर काढला नाही.

‘‘कशाले पाहिजे, मम्मी? फोटो तर चांगले येऊन राह्यले.’’