दार झाकण्याआधी

ड्राइव्हवेत पेणकरांची गाडी दिसली आणि रुथने आपली गाडी रस्त्यावरच थांबवली.

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात ती लॅबमध्ये काम करायची. आज किप्पूरची, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाची, संध्याकाळ, म्हणून ती शिफ्ट लवकर संपवून निघाली होती. सूर्य मावळायच्या आत अंघोळी, पांढरे कपडे, जेवण सगळं उरकायचं, मग उपास. तिच्या सासूबाई, फ्लोराआई, या दिवसाला अजून कोकणातल्या जुन्या नावानेच ओळखायच्या: दारफाळणीचा सण. दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. ना कोणी आत, ना कोणी बाहेर. मिल्टन गावातल्या नव्या घराला कडी नव्हती, म्हणून त्या दाराच्या मुठीला आतून पांढरा रुमाल बांधत.

आत पाऊल टाकताच तिला पुरुषांचे दोन जोड बूट दिसले. एक तिच्या ओळखीचा होता. काळे, चकचकीत, टाचेकडे झिजलेले. दर रविवारी मुलाला, गिलादला, सोडायला ती सेसिलमामांच्या घरी जायची, तेव्हा बेसमेंटच्या जिन्याशी हेच बूट असायचे.

सेसिलमामा म्हणजे फ्लोराआईंचे चुलतभाऊ आणि टोरांटोतल्या त्यांच्या चिमुकल्या मंडळीचे हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. प्रार्थनेच्या कोकणातल्या जुन्या चाली इथे दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. मुलांना तेराव्या वर्षीच्या विधीसाठी, बार मित्झ्वासाठी, तेच तयार करत. गिलाद बारा वर्षांचा. उन्हाळा सुरू झाला आणि त्याने जायला नकार द्यायला सुरुवात केली. मग घरात तो वॉशरूमचं दारही लावेनासा झाला. शेवटी एकदा गाडीत, मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत त्याने इंग्रजीत एक वाक्य सांगितलं, मामा बेसमेंटचं दार लावून घेतात त्याबद्दल. मग अजून एक. रुथने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती, एवढंच तिला आठवत होतं.

त्याच संध्याकाळी तिने मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या चिल्ड्रन्स एडचा नंबर शोधला होता. तिच्या नवऱ्याने, रूबेनने, तिच्या फोनवर हात ठेवला. "आधी आपल्या माणसांशी बोलू, रुथ. एकदा बाहेर गेलं की मग ते आपलं राहणार नाही."

आपली माणसं म्हणजे मंडळीचे अध्यक्ष पेणकर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "पोरगं बाराचं आहे. आपल्या धर्मात तेराच्या आतल्याची साक्ष धरत नाहीत, रुथबाई. प्रार्थनेला लागणाऱ्या मिन्यानच्या दहा माणसांतसुद्धा तो मोजला जात नाही. सण होऊन जाऊ दे. मग बघू."

लॅबमध्ये कुणाच्या रक्तात जंतू वाढलेले दिसले की वॉर्डला फोन करायला रुथ क्षणभर थांबत नसे. इथे ती थांबली. आणि तेवढ्या काळात दुसऱ्या घरांतली दोन मुलं त्या बेसमेंटमध्ये जातच राहिली.

मग माफीचे निरोप सुरू झाले. माणसाने माणसावर केलेला गुन्हा, ज्याच्यावर केला त्याने माफ केल्याशिवाय किप्पूरला देवही माफ करत नाही. म्हणून सेसिलमामांनी दोनदा निरोप धाडला होता, आणि दोन्ही वेळा रुथने नाही म्हटलं होतं. "तिसऱ्यांदाही नाही म्हणालात," पेणकर फोनवर म्हणाले होते, "तर ते पाप तुमच्या माथी."

हॉलमध्ये सगळे उभे होते. सेसिलमामा पांढऱ्या कपड्यांत, हात जोडलेले, डोळे ओले. पेणकर त्यांच्या शेजारी. रूबेन भिंतीला टेकून. फ्लोराआईंच्या हातात तो पांढरा रुमाल. आणि मधोमध गिलाद, नवा पांढरा शर्ट घातलेला, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

"आलीस? बरं झालं," फ्लोराआई म्हणाल्या. "आटपलं सगळं. पोराने मोठं मन केलं. मामांना माफ केलं."

रुथने गिलादकडे बघितलं. तो दाराजवळच्या बुटांकडे बघत होता.

"आय सेड इट, ममा," तो म्हणाला. "कॅन दे गो नाउ?"

"गुणी आहे हो पोरगा," पेणकर म्हणाले. "चला सेसिलभाई, उशीर होतोय. प्रार्थनेचा हॉल भरला असेल, लोक खोळंबतील."

"रूबेन," रुथने विचारलं, "तू इथेच होतास?"

"तेच वाट वाकडी करून आले, रुथ. मामांना रडताना बघवेना. म्हटलं एकदाचं संपू दे."

"कोणाचं?"



रुथने पर्स खाली ठेवली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. आताही चढला नाही. "पेणकरसाहेब, गिलादने सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? तेराच्या आतल्याची साक्ष धरत नाहीत."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तक्रार करायला तो लहान होता. मग माफ करायला आज मोठा झाला?"

पेणकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. धर्म त्यांना तोंडपाठ होता. रुथने सेसिलमामांकडे बघितलं. "मामा, तुम्ही तर हे शिकवता. त्याचा शब्द धरायचा नसेल तर माफीही धरायची नाही. धरायचा असेल तर आधीचाही धरा."

सेसिलमामांचे जोडलेले हात सुटले. "मी आता म्हातारा झालो, बाय."

"रविवारी शिकवायला बसता तेव्हा म्हातारे नसता."

"अगं, जीभ आवर!" फ्लोराआई कळवळल्या. "सूर्य चाललाय खाली. आजच्या दिवशी? सेसिल नसला तर प्रार्थना कोण म्हणणार? मंडळी मोडेल गं."

"मोडू दे, आई."

ती गिलादपाशी गेली आणि त्याच्या गळ्याचं बटण काढलं. त्याने मोठा श्वास घेतला, इतका वेळ तो घ्यायचा राहून गेला होता तसा.

"जॅकेट घे. आपण बाहेर जातोय."

"रुथ, दार लावायची वेळ झाली," रूबेन म्हणाला. "उद्या फोन करू. परवा करू. मी स्वतः करतो, शप्पथ."

"तू ये," ती म्हणाली. "आत्ता ये बरोबर."

रूबेन भिंतीपासून जरासा सुटला. त्याने आईकडे बघितलं, मामांकडे बघितलं. आणि तिथेच उभा राहिला.

फ्लोराआई रुमाल घेऊन दारात आडव्या उभ्या होत्या. रुथने त्यांना ढकललं नाही. ती नुसती समोर उभी राहिली. शेवटी गिलादच खाली वाकून आजीच्या हाताखालून बाहेर सरकला, आणि त्याच्यामागे आजींनी आपणहून हात खाली घेतला.

गाडीत बसून रुथने चिल्ड्रन्स एडला फोन लावला. नाव, वय, गाव, जे विचारलं ते तिने नीट सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली की मुलाशी कोणीतरी बोलेल, त्याच्या तोंडून ऐकावं लागेल. रस्त्यापलीकडच्या नव्या घरांच्या मागे आकाश तांबडं होत चाललं होतं.

"डू आय हॅव टु से इट अगेन?"

"हो राजा. अजून सांगावं लागेल."

"विल यू बी देअर?"

"कदाचित बाहेर बसवतील मला."

त्याने जॅकेटची चेन वर-खाली केली. मग त्याने विचारलं, "विल द डोअर बी क्लोज्ड?"

नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण त्या घरात त्याला पुरेशा खोट्या गोष्टी सांगून झाल्या होत्या.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी विचारीन."

त्याने मान हलवली. समोर घराचं दार अजून उघडंच होतं. उंबऱ्यात फ्लोराआई रुमाल धरून उभ्या होत्या. तो बांधावा की नाही, हे कुणीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारख्या.