पक्ष्याखालचं आभाळ

अमेरिकेतल्या साउथ डकोटात, मक्याच्या शेतात शिकारी कुत्री पेनी एक पाय उचलून थिजली. समोरच्या गवतात फेझंट पक्ष्याचा नर दडला होता.

"जावईबापू, पक्ष्याखाली आभाळ दिसलं तरच बार टाकायचा. खाली कुत्री असते," एल्डननं सकाळपासून दहाव्यांदा बजावलं.

"पाठ झालंय हो, सासरेबुवा!" ट्रॅव्हिस वैतागला.

एकदम फडफडाट झाला. नर जमिनीलगत उडाला आणि पेनीनं त्याच्यामागे झेप घेतली. एल्डनची बंदूक आपसूक खांद्याला लागली. तो चाप ओढणार, तेवढ्यात ट्रॅव्हिसनं झडप घालून नळी वर ढकलली. बार आभाळात गेला.

पेनी शेपूट हलवत परत आली. एल्डननं बंदूक रिकामी करून जावयाला दिली.

"पुढच्या वर्षी मी फक्त कुत्री आणेन. बजावायचं काम तुझं."