उजवा पुढचा नाल

"थांब, थांब," भास्कर स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं व्हिडिओ पुन्हा मागे नेला.

ती काही शर्यत नव्हती, सरावाची धाव होती. सहा घोडी पळून झाली होती, व्हिडिओ संपायला आला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक तांबडी घोडी दुडक्या चालीनं परत येत होती. इथपर्यंत कुणी बघतच नाही. पण भास्करनं हा तुकडा आज अकरा वेळा बघितला होता. उजवा पुढचा पाय टेकला की घोडीची मान किंचित वर जाई, डावा टेकला की खाली येई. फार नाही, बोटभर. पण बोटभर म्हणजे दुखतं आहे.

"चहा निवतोय रे तुझा," त्याची बायको सुरुची स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि त्या दाराला काय लावायचं ते ठरव एकदाचं. पुढच्या रविवारी वास्तुशांत आहे, आणि मी नुसता खिळा ठोकून बसलेय!"

"मयूरा नाल आणून देणारे. तिला सांगून ठेवलंय."

"मग झालं तर."

भास्कर पार्टे ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात राहून घोड्यांच्या शर्यतींचं भाकीत लिहायचा. शनिवारच्या आठ शर्यती, ऐंशीएक घोडी, प्रत्येकाला एक ओळ. कोण जिंकेल, कोण दमेल, कुणाच्या नादी लागू नये. मजकूर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता वेबसाइटकडे जायचा, की शुक्रवारी सकाळी तालुक्यातले पब आणि तबेले तो वाचायचे. इथल्या महाराष्ट्र मंडळात मात्र तो सांगे, "स्पोर्ट्स डेटामध्ये आहे." युनिव्हर्सिटीतून मास्टर्स करून शेवटी रेसचं लिहितो, हे सांगायला जीभ रेटत नसे. आणि वडिलांचं विचारलं तर, "टुरिझममध्ये होते." आता बघा, खोटं काहीच नव्हतं. अण्णांनी पस्तीस वर्षं पाचगणीच्या टेबललँडवर प्रवाशांना घोड्यावरून फिरवलं होतं. हा टुरिझम नाही तर काय!

घोड्याची चाल वाचायची ती नजर मास्टर्सनं दिली नव्हती, अण्णांनीच दिली होती. भास्कर आठ वर्षांचा असताना, ऐन मे महिन्यात, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना तो म्हणाला होता, "अण्णा, राणी लचकतेय." बाकीचे घोडेवाले हसले. अण्णांनी मात्र राणीला चालवून बघितलं, खोगीर उतरवलं आणि ऐन हंगामात तिला चार दिवस बांधून ठेवलं. वर गावभर सांगत सुटले, "माझ्या पोराला दिसलं, मला न्हाई दिसलं." त्या चार दिवसांत घरात कशाकशाची ओढाताण झाली ते भास्करला मोठेपणी कळलं. तेव्हा त्याची छाती नुसती फुगली होती.

आणि आता ही घोडी. नाव सेकंड हेल्पिंग, मागच्या दोन्ही शर्यती जिंकलेली. मयूरा तिला सोनाबाई म्हणायची. कऱ्हाडची ही पोरगी युनिला जनावरांचं नर्सिंग शिकत होती आणि पहाटे चार वाजल्यापासून एका तबेल्यात घोड्यांचं खाणंपिणं, धुणंपुसणं करत होती. पाचगणीची गोष्ट अख्ख्या टूवूंबात घराबाहेर फक्त तिला ठाऊक होती. एकदा तबेल्यात घोड्याच्या पायावरून हात फिरवताना भास्करच्या तोंडून निघून गेली होती.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला होता.

"दादा, सोनाबाई मला बरी वाटत नाही हो. आमच्या तबेल्याच्या मालकाला, केवला सांगितलं, तर म्हणतो, यू आर न्यू, लव्ह. डॉक्टरनं बघितली, पाय गरम नाही, सूज नाही, तो म्हणाला फिट आहे. पण माझं मन मानत नाही. तुम्ही व्हिडिओ बघाल का जरा?"

"बघतो ना."

"आणि दिसलं तर लिहा हं, दादा. केव माझं ऐकत नाही, पण तुमचं वाचतो. सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. तुम्ही लिहिलंत तर तो शंभर टक्के पुन्हा तपासेल. आणि तुम्ही बरी आहे म्हणालात, तर मग माझीच शंका समजून गप्प बसेन मी."

इतकं सरळ मागणं होतं. आणि बघून झालं होतं. अकरा वेळा.

भास्करनं लिहिलं, "सरावानंतर पुढच्या उजव्या पायावर अवघडलेली दिसली. पळवण्याआधी पुन्हा तपासावी." वाचलं. बरोबर होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाठवून द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

पण त्याला गेला मे महिना आठवला. तेव्हा त्यानं अशाच एका घोड्याबद्दल अशीच ओळ लिहिली होती, आणि ते बेणं चार घोड्यांच्या अंतरानं जिंकलं होतं. मग काय विचारता! वाचकांनी त्याचं नाव डॉक्टर पार्टे पाडलं. कुणीतरी त्याच्या फोटोला स्टेथोस्कोप चिकटवला. संपादक ग्लेन हसत म्हणाला होता, "मेट, आपण घोडा निवडायचा, एक्स-रे नाही काढायचा." चांगला माणूस ग्लेन, त्यानं तेव्हाही दम दिला नव्हता आणि आज तर त्याला यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं. भास्करला कुणीही अडवलेलं नव्हतं. नुसतं पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं. डॉक्टरनं फिट म्हटलंय, मालकानं फिट म्हटलंय, मग मी कोण मोठा लागून गेलो? पाचगणीच्या घोडेवाल्याचा पोर!

त्यानं ओळ खोडली. खोडून जागा रिकामी ठेवली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण भीती माणसाला अर्ध्यावर थांबू देत नाही. फेव्हरिटला वगळलं तर लोक पुन्हा विचारतील, म्हणून त्यानं लिहिलं, "ठणठणीत. सरावात सुंदर चाल. दिवसाची पहिली पसंती." पाच वाजायच्या आत मजकूर गेला.

शुक्रवारी मयूराचा मेसेज आला. "वाचलं दादा!! थँक यू. जीव भांड्यात पडला." पुढे दोन हात जोडलेले. भास्करनं त्याला अंगठा पाठवला.

शनिवारी दुपारी सुरुची बाहेर कपडे वाळत घालत होती आणि भास्कर टीव्हीसमोर बसला होता. पाचवी शर्यत. सोनाबाई सुटली ती सुरेख सुटली. वळणावर तिसरी, मग दुसरी. भास्करच्या मुठी आवळल्या गेल्या. जिंक गं बाई, एवढ्या वेळेला जिंक, मग मी काही म्हणणार नाही. निवेदक तिचं नाव घेत होता, आवाज चढत होता, आणि अडीचशे मीटर राहिले असताना ती उजवीकडे खचली.

जॉकी लांब फेकला गेला, पण उठून बसला. घोडीही उठली. तीन पायांवर. कॅमेरा लगेच पुढच्या घोड्यांवर गेला. पुढच्या वेळी मैदान दिसलं तेव्हा तिथं हिरवे पडदे धरलेले होते आणि पडद्यांकडे एक मुलगी धावत निघाली होती. हातात नुसती लगामाची दोरी. जनावराला शेवटचं इंजेक्शन देताना लोकांना दिसू नये म्हणून पडदे धरतात, हे भास्करला माहीत होतं. त्यानं टीव्ही बंद केला.

"काय रे, हरली का तुझी?" रिकामी बादली घेऊन सुरुची आत आली.

"हो," तो म्हणाला.

संध्याकाळी ग्लेनचा फोन आला. "रफ लक, मेट. कुणालाच दिसलं नव्हतं. मनाला लावून घेऊ नकोस." भास्कर "थँक्स" म्हणाला. म्हणाला खरा, आणि त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की त्यानं बाथरूममध्ये जाऊन उगाचच हात धुतले.

रविवारी दुपारी तो अण्णांशी व्हिडिओवर बोलत होता. पाचगणीला सकाळ होती. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानटोपी घालून ओट्यावर बसलेले. तेवढ्यात बेल वाजली. दारात मयूरा उभी. डोळे सुजलेले, अंगात कालचंच जॅकेट, हातात टॉवेलची गुंडाळी.

"ये गं, ये," सुरुचीनं तिला जवळ घेतलं. तिला घोडीचं एवढ्यातच कळलं होतं. "चहा टाकते. बस तू."

मयूरा बसली नाही. "दादा, सॉरी हं," ती म्हणाली.

"तू कशाला सॉरी?"

"मी तुम्हाला उगाच त्रास दिला. तुम्ही एवढं बघून लिहिलंत आणि बघा काय झालं. केव म्हणाला, असं एका क्षणात होतं, आधी कळत नाही. एका अर्थी बरं वाटलं मला. म्हणजे मी आणखी हट्ट धरला असता तरी काही फरक पडला नसता ना?" तिनं टॉवेल उघडला. ॲल्युमिनियमचे दोन पातळ नाल होते. "पुढच्या पायांचे. वास्तुशांतीसाठी तुम्ही मागितला होतात. सोनाबाईचाच तुमच्या दारावर राहू दे. उजवा. तुम्ही तिच्याबद्दल शेवटचं चांगलं लिहिलंत."

भास्करनं हात पुढे केला नाही.

"कोण आलंय रं? काय दावतीय पोरगी?" फोनमधून अण्णा म्हणाले. भास्करनं फोन टेबलावर टेकवून ठेवला होता.

"आजोबा, नमस्कार," मयूरानं ते दोन्ही नाल त्यांना दिसतील असे धरले. "आमच्या घोडीचे. काल गेली ती."

"आरारा." अण्णांनी डोळे बारीक केले. "जवळ आण बाळ. कवा ठोकलेले?"

"तीन आठवडे झाले. दोन्ही एकाच दिवशी."

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "डावा बघ कसा झिजलाय. आन् उजवा? नवाच्या नवा हाय. पाय टेकवीतच नव्हती की गं जनावर. कुणी बघितलं न्हाई?"

"डॉक्टरनं बघितली हो आजोबा. दादांनी पण व्हिडिओ बघितला. त्यांनाही नाही दिसलं."

"कुणाला, भास्करला?" अण्णा हसलेच. "भास्करला न्हाई दिसलं? आगं, एवढासा हुता तवा..." ते बोलता बोलता थांबले. त्यांनी भास्करकडे बघितलं. भास्कर खाली बघत होता.

स्वयंपाकघरात आलं किसल्याचा आवाज येत होता. मूग गिळून बसायची अजून एक संधी होती. फोन उचलून "नंतर करतो अण्णा" म्हटलं असतं की झालं असतं. मयूरा रडून, चहा पिऊन गेली असती आणि आयुष्यभर त्याला दादा म्हणत राहिली असती.

"दिसलं होतं," भास्कर म्हणाला.

त्यानं मान वर करून मयूराकडे बघितलं.

"अकरा वेळा बघितलं. लिहिलंही होतं. मग खोडलं." "लोक हसतील म्हणून. तुझी शंका बरोबर होती, मयूरा. तू बरोबर होतीस."

मयूरा त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला नीट कळलंच नसावं. मग तिनं दोन्ही नाल परत टॉवेलवर ठेवले, एक कड दुमडली, दुसरी दुमडली, बाळाला गुंडाळावं तशी घट्ट गुंडाळी केली आणि ती छातीशी धरली.

"मी शांत झोपले हो शुक्रवारी," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंत म्हणून."

सुरुची चहाचे कप घेऊन बाहेर आली तेव्हा मयूरा दाराशी खाली बसून बूट घालत होती. "अगं, चहा तरी..." सुरुची म्हणाली आणि भास्करचं तोंड बघून तिनं कप टेबलावर ठेवले.

"येते, वहिनी," मयूरा म्हणाली. भास्करकडे तिनं बघितलं. "येते," म्हणाली. त्यापुढे दादा म्हणाली नाही.

गाडी निघून गेल्यावर भास्करनं फोन हातात घेतला. अण्णा अजून तिथंच होते. कानटोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"राणीच्या टायमाला तू सांगितलं हुतंस," ते एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर भास्करला सोसलं असतं. "ठेवतो आता. जप." आणि त्यांना फोन बंद करता येईना, म्हणून तो बराच वेळ तसाच चालू राहिला. पडद्यावर ओट्याचा एक कोपरा आणि अण्णांचा गुडघा दिसत होता.

सोमवारी भास्करनं केवला आणि ग्लेनला खरं काय ते लिहून कळवलं. ग्लेनचं उत्तर आलं, केवचं आलं नाही.

पुढच्या रविवारी वास्तुशांत झाली. मंडळाची बरीच माणसं आली, मयूरा आली नाही. सुरुची दोनदा स्टुलावर चढली खिळा उपटायला आणि दोन्ही वेळा भास्कर म्हणाला, राहू दे. जेवून निघताना दारात चपला शोधता शोधता प्रत्येकाची नजर वर गेली आणि प्रत्येकानं विचारलं, इथं काय लावायचंय?

"नाल लावायचा होता," भास्कर प्रत्येकाला सांगत होता. "माझे वडील घोडेवाले. पाचगणीला घोडे फिरवायचे. त्यांच्या पोराच्या दारावर नाल शोभावा असं मी वागलो नाही."

लोक अवघडून हसले, चपला घालून निघाले. तो एकेकाला फाटकापर्यंत पोचवून येत होता आणि दर वेळी त्याच खिळ्याखालून घरात शिरत होता.