तांबड्यावरचा काटा

तहानलेला दारी आला असता, भरल्या घागरीवर हात ठेवून ती रिकामी आहे असे सांगणाऱ्याला कोणती शिक्षा व्हावी, सांगाल? उत्तराची घाई नको. राहात्याच्या भिमाजीला जी झाली ती आधी ऐका.

भिमाजीकडे वडिलांच्या वेळची एक पांढरी मोटार होती. तिचा पेट्रोलचा काटा फार वर्षांपूर्वी तांबड्या खुणेवर पडला तो पुन्हा उठला नाही. दुरुस्ती अवघड नव्हती. पण मोडका काटा कामाचा असतो हे भिमाजीने लवकर ओळखले. लग्नाकार्याला कोणी गाडी मागायला आले की तो दार उघडून आत बोट दाखवी. "बघा, तुमीच बघा. माज्या बोलन्यावर जाऊ नका." मागणारा ओशाळून परत जाई. टाकीत खरोखर किती आहे हे भिमाजी वेगळ्या रीतीने जाणून घेई. गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी हलवायचा आणि पत्र्याला कान लावायचा. आत डचमळले की निघायचे.

पत्नी मालनबाई हिला काट्याचे हे गुपित ठाऊक होते. म्हणून लोकांशी काटा खोटे बोले, पण तिच्याशी बोलायची वेळ आली तेव्हा भिमाजीला स्वतःच्या तोंडाने बोलावे लागले.

टँकरवाल्यांच्या संपाचे ते दिवस. पंपांवर दोर बांधलेले होते. सकाळीच कोल्हारहून मालनबाईच्या भावाचा, आदिनाथचा, फोन आला. "दाजी, अक्काला घिऊन या. आबांचं काय खरं न्हाई. सारखं दाराकडं बघत्यात."

राहात्याहून कोल्हार बाभळेश्वरच्या पुढे, तासाभराचासुद्धा रस्ता नव्हे. परंतु एका अधिक मासात, धोंड्याच्या जेवणाला, सासऱ्याने अनारशांचे ताट आधी दुसऱ्या जावयापुढे ठेवले होते, आणि तो अपमान भिमाजीने उष्ट्या अन्नासारखा झाकून जपून ठेवला होता. आज झाकण उघडले. म्हातारा एक दिवस वाट पाहील तर काय बिघडते, असे त्याच्या मनात आले. तो बाहेर गेला. गाडी हलवली, कान लावला. आत स्वच्छ डचमळले. घरात येऊन तो म्हणाला, "कोरडी हाय. संप मिटला की जाऊ."

मालनबाईने आबांसाठी शिरा करून डब्यात भरला होता. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नसे.

"नीट ऐकलं न्हवं?" तिने विचारले.

"भगवतीची आण."

ती डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसली. दिवेलागणीला पुन्हा फोन वाजला, तेव्हाही डबा तिच्या मांडीवरच होता. आबा गेले होते. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, एवढेच आदिनाथ बोलू शकला.

भिमाजी गडबडीने उठला आणि सवयीने गाडी काढली. मृत्यूच्या बातमीने तो खराच हादरला होता. आपण काय बोललो होतो त्याचा त्याला विसर पडला. बाभळेश्वर मागे पडले. गाडी एकसारखी चालली होती. मालनबाई खिडकीतून बाहेर पाहत होती.

"पंप समदे बंदच हायेत," ती म्हणाली.

भिमाजीची नजर तांबड्यावरच्या काट्याकडे गेली.

तेरावा झाला. संप केव्हाच मिटला होता. माहेरी राहिलेल्या मालनबाईला न्यायला भिमाजीने राहात्याहून गाडी कोल्हारच्या दारात आणली. मालनबाई पिशवी घेऊन ओसरीवर आली आणि थांबली.

"गाडीत तेल न्हाई. मी कशी येऊ?"

"आत्ता भरलं, मालन. फाट्यावरच्या पंपावर."

"मग ऐकवा."

दुःखाने बहिणीचे डोके फिरले असेल म्हणून आदिनाथने निमूटपणे गाडी हलवली. आवाज आला नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मग टाकीचे झाकण उघडून नाक खाली नेले आणि चमकून मागे सरला. "दाजी, वाससुदीक न्हाई हो. आला कसे तुमी?"

त्याच गाडीने भिमाजी एकटा राहात्याला परतला.

पुढच्या खेपेस त्याने आदिनाथला सोबत बसवून पंपावर नेले. आदिनाथने आपल्या डोळ्यांनी पेट्रोल टाकीत पडताना पाहिले. दारात येईतो टाकी कोरडी. खाली वाकून पाहिले. जमिनीवर एक थेंब नव्हता. त्या दिवसानंतर आदिनाथने गाडीला हात लावणे सोडले.

"खोटं बोललो मी," भिमाजी ओसरीपाशी उभा राहून म्हणाला. "चुकलो. पाया पडतो तुज्या."

"ते मला त्याच दिवशी कळलं. मनात राग न्हाई माज्या." मालनबाईचा आवाज खरोखरच मऊ होता. "टाकी तेवढी ऐकवा. मला यायचंय."

ती खोटे बोलत नव्हती. दर खेपेस ती पिशवी भरून तयार असते. भिमाजी गाडी हलवतो आणि ती डोळे मिटून पत्र्याला कान लावते; गरोदर लेकीच्या पोटावर आई हात ठेवते तशी, अगदी हळुवार. ऐकू यावे म्हणून श्वास रोखते. भिमाजी थकेपर्यंत हलवत राहतो. शेवटी ती कान काढते, मान हलवते आणि पिशवी उचलून आत जाते. भिमाजीने काटाही नवा बसवून घेतला. रस्त्याने तो वर असतो. ओसरी दिसली की तांबड्यावर येतो.

अजूनही तो जातो, आणि अजूनही एकटाच परततो. गाडी कधी अडत नाही. कोल्हारची शेवटची घरे मागे पडली, की रिकाम्या सीटच्या मागे कुठेतरी, पत्र्याच्या आत, स्वच्छ डचमळू लागते, आणि ते राहात्यापर्यंत थांबत नाही.

घागर भरलेलीच आहे. आता ती त्याला एकट्यालाच ऐकावी लागते.