निळ्या पेटीची तगमग

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. रक्ताच्या नळ्या गार ठेवणं हे माझं काम. पोटात सदा बर्फ असायचा, पण स्वभाव मात्र पहिल्यापासून उतावळा. त्याला मी तरी काय करणार? कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मला घाईच शिकवली गेली. नळ्या आत आल्या की चार तासांत प्रयोगशाळेत पोचायलाच हव्यात, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या डोंगराळ देशात ओश नावाचं शहर आहे. तिथल्या एका विद्यापीठाच्या पथकात माझी नेमणूक झाली. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये कोणते रोग पसरतात, एकाचा दुसऱ्याला कसा लागतो, हे ते पथक शोधत होतं. बाजारामागे नदीकाठी आमची मिनीबस उभी असायची. डॉक्टर आयजामाल पथकाच्या प्रमुख. रायिसा नावाची रशियन नर्स रक्त काढायची. आणि तोलोगोन माणसं गोळा करून आणायचा. तो स्वतः नऊ वर्षं नशेत बुडालेला, आता सुटलेला. डॉक्टर म्हणायच्या, ही निळी पेटी आहे म्हणून आपलं काम चाललंय. ते ऐकलं की मला अगदी धन्य वाटायचं.

नाव लिहून घेतलं तर पोलिसांच्या धास्तीने कुणी फिरकलंच नसतं. म्हणून आमच्याकडे एक युक्ती होती. आईचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख विचारायची, त्यातून एक खूण बनवायची आणि तीच नळीवर चिकटवायची. निकाल घ्यायला आलेल्याने तेच सांगायचं, की खूण जुळलीच.

एकदा मायराम नावाचा हमाल आला. रायिसा त्याची शीर शोधत होती आणि तो दुसऱ्या हाताने माझ्या झाकणावर बोटं वाजवत होता. तोलोगोन चहा ओतत गप्पांच्या ओघात प्रश्न विचारत होता. आई? कालिपा. बाप? साद्यक. नळी माझ्या पोटात आली.

निकाल वाईट निघाला. सुईतून पसरते ती कावीळ, आतल्या आत यकृत पोखरणारी. पण तीन महिने गोळ्या घेतल्या तर माणूस ठणठणीत बरा होतो, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मायराम परत यायचीच काय ती खोटी होती.

आणि तो आला हो. पण त्या दिवशी तोलोगोन नव्हता. रायिसाने छापील अर्ज पुढे ओढला, चष्मा लावला आणि पोलीसचौकीत विचारतात तसं आईबापाचं नाव विचारलं. मायराम आधीच घाबरलेला. त्याने पासपोर्टवरची नावं सांगून टाकली. आई जीपारा, बाप मामात.

तुम्ही म्हणाल, एका माणसाला दोन आया कशा? अहो, आमच्या देशात थोरला नातू आजीआजोबांच्या ओटीत घालतात. तो त्यांनाच आईबाप म्हणतो आणि जन्मदात्या आईला वहिनी म्हणून हाक मारतो. रायिसाला हे सुचलं नाही. तिने यादी दोनदा पाहिली आणि अशी खूण नाही म्हणून सांगितलं. मायरामने त्याचा अर्थ आपल्याला काही झालेलं नाही असा घेतला. शीळ घालत उतरला बिचारा. मी तिच्या पायाशीच होते. आवाज तोच, बोटं तीच, आणि माझ्या तोंडाला नुसतंच झाकण. माझा संताप संताप झाला.

नंतर महिन्यामागून महिने गेले. डॉक्टर दर सोमवारी त्या खुणेपुढे 'आला नाही' असं लिहायच्या. तोलोगोन बाजार पालथा घालत होता, पण नाव माहीत नसताना एवढ्या गर्दीत हाक कुणाला मारणार? मला तर घटकाभर चैन नव्हतं. त्यातच माझ्या झाकणाची बिजागरी तुटली, विजेवर चालणारी नवी पेटी आली आणि मी मिनीबसमधलं बसायचं स्टूल झाले. इतकी वर्षं राबले, पण कुणी साधी धूळही झटकली नाही.

सातव्या महिन्यात माझ्यावर कुणीतरी बसलं आणि बोटं वाजू लागली. मायराम! तो आपला दोस्त एर्मेक याला तपासणीला घेऊन आला होता. पडद्यामागे रायिसा एर्मेकचं रक्त काढत होती. मायराम दाढी वाढवून सुन्न बसलेला. तोलोगोनने कारण विचारलं.

"आई गेली, काल तिचा चाळिसावा दिवस झाला," मायराम म्हणाला. "कालिपा आपा. लोक तिला माझी आजी म्हणतात. पण माझी आई तीच होती, तोलोगोन बाइके."

तोलोगोनने चहाचा वाडगा खाली ठेवला. कागद घेतला, तिच्या नवऱ्याचं नाव आणि मायरामची जन्मतारीख विचारली, कालिपा आणि साद्यक ही नावं धरून खूण बनवली आणि डॉक्टरांपुढे सरकवली. दर सोमवारी जिच्यापुढे 'आला नाही' लिहायच्या तीच खूण पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मायरामला सगळं सांगितलं, चूक आमची म्हणून माफीही मागितली आणि गोळ्या आजच सुरू करू म्हणाल्या.

गोळ्यांबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

"हे कधीचं?" तो म्हणाला.

"सात महिन्यांपूर्वीचं."

"तेव्हा मला काही नाही असं समजून मी निर्धास्त झालो. माझी सुई एर्मेक वापरतो."

तेवढ्यात दंडावर कापूस दाबत एर्मेक बाहेर आला आणि हसत म्हणाला, "पाजा आता चहा, अर्धा लिटर रक्त प्यायली ही बाई."

डॉक्टर उठल्या. मायरामने त्यांना हाताने थांबवलं.

"त्याला मी सांगतो," तो म्हणाला.

माझ्यावरून उठून त्याने एर्मेकला तिथे बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसला. सांगायला त्याला फार वेळ लागला. ऐकता ऐकता एर्मेकने दंडावरचा कापूस सोडला, तो माझ्या झाकणावर पडला.

मित्रांनो, एर्मेकचा निकाल अजून यायचा आहे आणि माझी तगमग काही थांबत नाही. अर्जात आता एक प्रश्न वाढलाय : तुला वाढवलं कुणी? तो प्रश्न तोलोगोनने स्वतःच्या हाताने लिहिला. माझं काय, माझं झाकण तुटलंय, उद्या मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण दारात आलेल्या माणसाला, तुझं नाव यादीत नाही एवढंच सांगून परत पाठवू नका.