तांबेरा

सारजाबाई शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून झाडाची पानं ओरबाडत होती. खाली शिडी धरून उभा असलेला तिचा नवरा आश्रुबा करवादला,

“कावून एवढा जीव काढतीस? तांबेरा आलाय, आग न्हाई लागली.”

“आक्का दुपारी यायल्यात. झाड असं बघितलं तर ठिवतील का आपल्याला खोलीत? शेरडं घिऊन जायचं कुठं?”

चौसाळ्याजवळच्या ह्या मळ्याची राखण करायची आणि हे विलायती ओकचं झाड जपायचं, ह्या बोलीवर त्यांना खोली मिळाली होती. मालकीण वत्सलाबाई बीडहून फोन करायच्या, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, “झाड कसं आहे गं?” सारजाबाई ठसक्यात सांगायची, “हिरवंगार हाय, आक्का!” पलीकडून नुसतं “बरं” यायचं. एवढं जपूनही कौतुकाचा शब्द नाही, म्हणून ती चरफडायची. आणि यंदाच्या थंडीत मेलं शेंड्यापासून लाल होत आलं. गव्हावर पडतो तसला तांबेरा! ताक शिंपडलं, राख मारली, लाली हटेना. मग रोगट पान तोडून जाळणं, एवढंच उरलं.

दुपारपर्यंत झाड बोडकं झालं. पानं चुलीत गेली. सारजाबाईला मात्र चैन पडेना. झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं.

वत्सलाबाई गाडीतून उतरून काठी टेकत थेट झाडापाशी गेल्या.

“झडलं वाटतं. यंदाही हिरवंच होतं का गं?”

“हिरवंगार, आक्का.”

“माझ्या संगीताच्या दारात असलंच होतं, तिकडं परदेशात. थंडीत लालभडक व्हायचं. म्हणायची, आई, एकदा येऊन बघ. माझं जाणं झालं नाही. ती वारल्यावर हे लावलं.” त्यांनी डोळे टिपले. “आपल्या मातीत नसेल होत.”

सारजाबाईनं बोडक्या फांद्यांकडं बघितलं. आश्रुबानं गप्प बस म्हणून डोळे वटारले.

“झालतं, आक्का.”

“काय?”

“लाल झालतं. मला वाटलं तांबेरा. म्याच तोडून जाळलं. आता खोलीचं काय करायचं ते करा.”

आश्रुबा मुकाट्यानं शेरडं सोडायला वळला. वत्सलाबाई सावकाश बुंध्याशी बसल्या आणि हातानं शेजारची जागा दाखवली.

“बस. कसं लाल झालतं, ते सांग.”

सारजाबाई टेकली. तिला हुंदका आवरेना.

“रोग हाय म्हनायची, आक्का, पर रोज उठून बघायची म्या. लई देखनं व्हतं.”