गोल काढायचा फळा

मित्रांनो, मी एक फळा आहे. भिंतीवरचा नव्हे, फोनच्या पडद्यावर उघडणारा. जुना म्हणवून घेण्याइतकं माझं वय नाही, पण आमच्या दुनियेत दोन वर्षांतच म्हातारपण येतं, तेव्हा थोडा मान मागितला तर हसू नका. माझं काम सोपं. माझ्यावर फोटो टाकायचा, त्यावर बोटाने गोल काढायचा किंवा बाण ओढायचा, आणि लिंक पाठवून द्यायची. शब्दांनी जे सांगता येत नाही ते समोरच्याला दिसतं, असा माझा तोरा होता.

मला क्षितिजाने घडवलं. ती भोपाळला महाराणा प्रताप नगरातल्या एका ऑफिसात वेबसाइटी बनवते आणि बाग सेवनियात राहते. तिचे बाबा गोपीनाथराव शहराच्या दुसऱ्या टोकाला, आनंद नगरात एकटे राहतात. नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेला हा माणूस. उभा जन्म कारखान्यात तयार माल तपासण्यात गेला आणि यंत्रांच्या गोंगाटाने कान अधू केले. फोनवर बापलेक दोघंही ओरडायचे आणि शेवटी दोघंही रुसून बसायचे.

ऑफिसातला मयूर तिला म्हणाला, "यार, एवढी ॲप्स पडलीयेत, तू कशाला मगजमारी करतेस?" पण त्या सगळ्या ॲप्सना आधी नाव आणि पासवर्ड लागायचा, आणि बाबा तिथेच फोन बाजूला ठेवून द्यायचे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करत तिने मला बिनपासवर्डाचं केलं. लिहायची सोय मात्र अर्धीच राहिली, कारण मराठी जोडाक्षरं माझ्या हातून फुटायची. ते पुढे बघू म्हणत तिने मला कामाला जुंपलं. रंगही एकच दिला, लाल. ठळक दिसतो म्हणून.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. इन्व्हर्टरचं कोणतं बटण दाबायचं, पाण्याचा कोणता नळ फिरवायचा, सगळं मी बाण काढून दाखवलं. गोपीनाथराव शेजारच्या उषाकाकूंना माझा पडदा दाखवत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली. जुनी पुरी पडत नव्हती. बाबांनी दोन्ही पाकिटांचा फोटो पाठवून यातली कोणती, असं विचारलं. क्षितिजा मीटिंगमध्ये होती. तिने घाईघाईने नव्या पाकिटाभोवती गोल काढला आणि पाठवून दिला. उत्तरादाखल बाबांनी अंगठा पाठवला आणि ती निर्धास्त झाली.

पुढच्या आठवड्यात गोपीनाथरावांना फाटकाशी भोवळ आली. उषाकाकूंनी सावरलं म्हणून ते पडले नाहीत. क्षितिजा धावत आली, तर नवं पाकीट जसंच्या तसं, वरच्या फळीवर एका डब्यात वेगळं ठेवलेलं. बाबा जुनीच गोळी घेत होते. तिने त्यांच्या कानाशी जाऊन कारण विचारलं.

"तूच बाद केलीस ना?" ते म्हणाले. "लाल गोल केला होतास."

कारखान्यात लाल गोल फक्त सदोष मालावर पडे, आणि असा माल चुकून वापरला जाऊ नये म्हणून वेगळा ठेवत. त्यांनी अगदी शिस्तीत तेच केलं होतं. मित्रांनो, तेव्हा मला फार शरम वाटली. मी ठळक दाखवलं होतं, पण भलतंच.

क्षितिजाने बाबांना आपल्याकडे राहायला यायचा आग्रह धरला. एकटं राहणं आता पुरे, म्हणाली. गोपीनाथरावांनी डब्यातलं नवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मी अजून बाद झालेलो नाही, क्षितू," एवढंच ते बोलले.

ती घरी गेली. मला मात्र तिने टाकून दिलं. कोणी मला उघडेना. चुकीचं बोलणाऱ्यापेक्षा मुका बरा, असं मीही स्वतःला समजावत होतो.

आणि एका सकाळी मी उघडलो. बोट गोपीनाथरावांचं होतं. नव्या पाकिटाचा फोटो, त्यातली गोळीची एक खळगी रिकामी, आणि त्या खळगीकडे जाणारा वेडावाकडा बाण. दुसऱ्या दिवशी पुढची खळगी. कोणी सांगितलं नव्हतं. क्षितिजाने ऑफिसात तो फोटो उघडला आणि मयूरसमोरच डोळे पुसले.

रविवारी ती त्यांच्याजवळ बसली आणि या वेळी आधी विचारलं. लाल म्हणजे बाद, हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे माल चांगला आहे पण थोडी दुरुस्ती हवी, असे बाबांचे रंग. ते सगळे मला मिळाले. माझी जोडाक्षरंही सुधारली. शिवाय चित्राखाली तिने एक चौकट दिली. पाहणाऱ्याने आपल्याला काय कळलं ते तिच्यात लिहायचं. नुसता अंगठा आता चालत नाही. बाग सेवनियाला हलण्याचा विषयही मागे पडला.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. कुणाला काही दाखवलंत, तर त्याला काय दिसलं ते विचारा. माझ्यासारखे फळे तुम्हीही बनवाल, याहून चांगले बनवाल, पण विचारायचं काम आम्हाला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

परवा दुपारी गोपीनाथरावांनी गोळीचा फोटो पाठवला नाही. पाठवला तो क्षितिजाचा, ती मागच्या वेळी आली तेव्हा काढलेला. दोन्ही डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर पिवळे गोल. शेजारी लिहिलं होतं: "झोप अपुरी. माल उत्तम. दुरुस्तीसाठी आनंद नगरला पाठवावा."

क्षितिजाने तो फोटो मोठा करून पाहिला. मग खालच्या चौकटीत तिने लिहिलं, "कळलं बाबा. निघाले." आणि मला बंद केलं.